तुमच्या धड्यात भाकरी कोण करतं?

सर, तुमचा धडा सोमवारी मला शिकवावा लागला. 'मुरमात उगवलेलं रोप'. आमच्या कॉलेजच्या अकरावीच्या वाचनपुस्तिकेत तो यंदा घेतला आहे. निवड करणाऱ्यांत मी नव्हते, असते तर आत येऊ दिला नसता. "आपल्या मुळशीची गोष्ट आहे, मुलांना जवळची वाटेल," असं म्हणत आमच्या विभागप्रमुख बाई पुस्तिका माझ्या टेबलावर ठेवून गेल्या. त्या धड्यातलं रोप म्हणजे मी, हे त्यांना ठाऊक नाही. इथे बावधनला कुणालाच ठाऊक नाही. तुम्ही जाऊन चौदा वर्षं झाली. तुमच्या शोकसभेला मी आले नाही, कारण तिथे उभं राहून बोलण्यासारखं माझ्या मनात काही नव्हतं. हेही श्रद्धांजली म्हणून लिहीत नाही. मी भांडायला बसले आहे. समोरच्याला उत्तर देता येत नाही हे मला आज फार सोयीचं वाटतं. भांडण माझ्यासाठी नाही, माझ्या आईसाठी आहे. तुम्ही तिला त्या धड्यातून काढून टाकलंत.

आणि भांडायचं तर तुमच्याच हत्यारानं, कारण दुसरं माझ्याकडे नाही. शनिवारची सकाळची शाळा, शेवटचे दोन तास तुमचे. पुण्याहून पहिल्या बसनं यायचात, आणि तुमचा डबा ज्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला असे तोच कागद आमचा त्या दिवसाचा धडा. तेलाचे डाग पडलेला अग्रलेख, कुणाच्या तरी निधनाची बातमी, खताच्या कंपनीची जाहिरात, काय हाती लागेल ते. तुम्ही फळ्यावर चार प्रश्न लिहायचात. कोण बोलतंय? कुणाला ऐकवायला बोलतंय? सुरुवात इथूनच का केली? आणि या मजकुरात कोण असायला हवं होतं, जे नाही? मग लाल-निळी पेन्सिल फिरायची. माहिती देणाऱ्या वाक्याखाली निळी रेघ आणि वाचणाऱ्याला विरघळवायला घातलेल्या वाक्याखाली लाल. "लाल रेघा जिथं दाटीनं येतात तिथं थांबायचं," तुम्ही म्हणायचात, "तिथंच काहीतरी झाकलेलं असतं." आम्ही चाळीस पोरं, निम्म्यांच्या पायात चपला नाहीत, आणि तुम्ही आम्हाला अग्रलेख लिहिणाऱ्यांच्या खिशात हात घालायला शिकवत होतात. हे तुमचं देणं मी नाकारत नाही. नाकारता येत नाही म्हणून तर जास्त राग येतो.

एक शनिवार मला अजून जसाच्या तसा दिसतो. तुम्ही गुळगुळीत कागदाचं एक पत्रक आणलं आहे. आमच्या नांदे गावाच्या बाजूला बंगल्यांचे प्लॉट पडणार होते, त्याची ती पहिली जाहिरात. 'डोंगरांच्या कुशीत, रिकाम्या, निर्मळ माळावर तुमचं हक्काचं घर.' तुम्ही ते वाचता आणि मला उभं करता. "हा माळ तुझ्या ओळखीचा आहे ना? तिथं कोण असतं?" मी सांगते, आमच्या मेंढ्या असतात, चुलत्याचं खोपट आहे, शेजारच्यांची नाचणी असते. "मग रिकामा का लिहिलाय?" तुम्ही खडूनं टेबलावर टकटक करता आणि म्हणता, "ज्याला ती जागा हवी आहे, त्याला तिथली माणसं दिसून चालत नाही. लिहिणाऱ्यानं खोटं लिहिलेलं नाही, त्यानं फक्त तुम्हाला मोजलेलं नाही." तेरा वर्षांची होते मी. घरी जाऊन आईला हे सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, "मास्तर शाना हाय." आज त्या माळावर बारा मजली इमारती आहेत आणि त्यांच्या फाटकावर अजून डोंगरांची कूस लिहिलेली आहे.

आता तुमचा धडा. मी तो लाल-निळी पेन्सिल घेऊन वाचला, तुम्हीच दिलेल्या जातीची पेन्सिल, माझ्या पर्समध्ये कायम असते. अडीच पानांत निळ्या रेघा सात आल्या. बाकी सगळं पान लाल. सुरुवात कुठून करता, तर तुमच्या बसपासून. 'पुण्याहून पहिल्या बसने मी निघायचो तेव्हा गाव अजून धुक्याच्या दुलईत असे.' म्हणजे पहिल्या वाक्यापासून वाटचाल तुमची, कष्ट तुमचे, धुकं तुमचं. मग मी येते, अनवाणी, विस्कटलेल्या केसांची, 'डोळ्यांत मात्र विलक्षण चमक'. सर, अशी चमक लावलेली पोर तुम्ही दुसऱ्या कुणाच्या लेखात पाहिली असतीत, तर वर्गात किती हसला असतात! पुढे, 'त्या दिवशी तिच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. मी माझा डबा तिच्यापुढे सरकवला.' पुढे, 'त्या भटक्या बापाने माझे पाय धरले. म्हणाला, गुरुजी, ही पोर आता तुमची.' आणि मग ते वाक्य, ज्याच्याखाली मी इतकी रेघ ओढली की कागद फाटला. 'दिवाळीनंतर आईबाप मेंढरांमागे निघून गेले. ती मागे राहिली, माझ्या एका शब्दाखातर.' अख्ख्या धड्यात माझी आई या एका वाक्यात आहे, आणि तीही निघून जाणारी. शीर्षकातलं रोप मी, पाणी घालणारे तुम्ही, आणि मुरूम म्हणजे माझे आईबाप. मुळशीत ज्यानं हातात कुदळ धरली आहे त्याला विचारा, मुरमात काही उगवत नाही.

माझा बाप देवाशिवाय कुणाच्या पाया पडला नाही. तुम्हाला तो आयुष्यात एकदाच भेटला, माझ्या लग्नात, आणि तेव्हा त्यानं तुम्हाला "पान घ्या" एवढंच म्हटलं. दिवाळी झाली की आमचा कळप ताम्हिणी घाट उतरून कोकणात जायचा आणि पावसाच्या तोंडावर वर यायचा. जायचं म्हणजे अख्खं बिऱ्हाड जायचं, घोड्यावर संसार टाकून. बाईशिवाय तळ पडतच नाही आमच्यात. चूल तिची, कोकरं तिची, पाणी तिचं. मी सहावीत गेले त्या वर्षी माझ्या आईनं सांगितलं की ती येणार नाही, पोरीची शाळा मोडेल. असं आमच्या भावकीत कुणी केलेलं नव्हतं. चुलते बोलले, आत्या बोलली, आणि माझा बाप पाच वर्षं भावजयीच्या हातचं जेवला आणि त्यावरून लोकांच्या टिंगली ऐकत राहिला. आई चार शेळ्या घेऊन नांद्याच्या खोपटात माझ्याबरोबर राहिली. सकाळी उठून ती भाकरी थापायची, मी चुलीपुढं बसून पाठ म्हणायचे. काय म्हणतेय ते तिला कळायचं नाही, पण मी अडखळले की थापणारा हात थांबायचा. आणि सर, शनिवारी त्या परातीत एक भाकरी जास्त असायची. "मास्तर लांबनं येत्यात, गार डबा खात्यात," असं म्हणून ती फडक्यात बांधून द्यायची. भाकरी आणि लसणाची चटणी. तुम्ही ती तीन वर्षं खाल्लीत. डबा कुणी कुणापुढे सरकवला हे तुम्हाला नीट माहीत होतं.

आठवीत तुम्ही 'माझी आई' हा निबंध घातला होतात. मी गाईडातून उतरवला. माझी आई पहाटे तुळशीला पाणी घालत होती, पांढरी शुभ्र साडी नेसत होती आणि रात्री मला गोष्टी वाचून दाखवत होती. तुम्ही वही उघडी धरून सगळ्या वर्गाला वाचून दाखवलीत. मग मला विचारलंत, "ही कुणाची आई आहे?" वर्ग खिदळला. "तुझी आई मी रस्त्यानं शेळ्या हाकताना रोज बघतो. ती या निबंधात कुठं आहे? जा, तिला घेऊन ये, मग मार्क देतो." वही तुम्ही बाकावर टाकलीत, ती खाली पडली. मी ती उचलताना माझी वेणी कुणीतरी ओढली हेही मला आठवतं. घरी मी एवढंच सांगितलं की सरांनी बोलावलंय. आई दुसऱ्याच दिवशी आली. शेळ्या बांधून तशीच, खांद्यावर घोंगडं, अंगाला शेळ्यांचा वास, हातात फडक्यातली भाकरी. दुपारचा तास चालू होता. ती वर्गाच्या दारात उभी राहिली, आणि तुम्ही तिला दारातूनच परत पाठवलंत. ज्या बाईनं माझ्या शाळेसाठी स्वतःची माणसं सोडली, ती त्या शाळेच्या उंबऱ्याच्या आत कधी आली नाही.

हा धडा आधी लेख म्हणून शिक्षकांच्या मासिकात आला तेव्हा मी पुण्याला कॉलेजात होते. तुम्ही अंक मला पोस्टानं पाठवलात, वर 'चि. रोपट्यास' असं लिहून. मी तो नांद्याला घेऊन गेले. आईनं कपाळाला लावला आणि म्हणाली, "वाच." चूल पेटलेली, तव्यावर भाकरी, आणि ती माझ्या तोंडाकडे बघत बसलेली. मी पहिल्या पानावरचं धुकं वाचलं, बस वाचली. मग पाय धरणारा बाप आला आणि माझी जीभच उचलेना. मी काय केलं सांगू? मी वाचत राहिले, पण तुमचं नाही. 'तिच्या आईनं सगळ्या भावकीचं बोलणं सोसलं,' मी वाचलं. 'ती माउली वर्गाच्या दारात आली तेव्हा मी तिला आत बोलावलं आणि मुलांना म्हटलं, उभे राहा.' कागदावर बोट ठेवून, तुमच्या त्या गोडमिट्ट भाषेत, तुमची नक्कल मला चांगली यायची. दोन भाकऱ्या करपल्या तरी आई हलली नाही. शेवटी पदरानं डोळे पुसून म्हणाली, "मास्तरानं लक्षात ठिवलं म्हनायचं." त्यानंतर पाहुणे आले की अंक निघायचा आणि मला वाचायला बसवायची. आमच्या घरात तुमचं जे नाव आहे, सर, ते मी लिहिलेलं आहे. तुम्ही त्यातलं एक वाक्यही लिहिलेलं नाही. इकडे तुम्हाला आदर्श शिक्षक म्हणून शाल-नारळ मिळत होते, आणि तुम्ही मला व्यासपीठावर उभं करून "हेच ते रोप" म्हणत होतात. मी हात जोडून मूग गिळून उभी राहायचे.

तर सोमवार. वर्गात माण, नांदे, हिंजवडीकडची पोरं, काही बाहेरगावहून आलेल्या इंजिनियरांची. मी फळ्यावर तुमचेच चार प्रश्न लिहिले आणि धडा वाचायला दिला. म्हटलं, तुम्हाला कुणी ना कुणी सोलून काढेल, मी फक्त खुर्चीत बसून बघेन. पहिली दहा मिनिटं सगळे तुमच्या भजनी लागलेले. सरांची तळमळ, सरांचा त्याग. मग मागच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. माणची आहे, घरच्यांनी खोल्या बांधून भाड्यानं दिल्या आहेत आणि तिची आई त्या भाडेकरूंचे डबे करते. "मॅडम, डाउट आहे. आईबाप गेले ना मेंढ्यांबरोबर? मग ही मुलगी सहा महिने राहिली कुठं? तिला भाकरी कोण करत होतं?" एक जण म्हणाला, "सर करत असतील ना." हशा झाला. ती म्हणाली, "काहीही काय, सर पुण्याहून येऊन-जाऊन करायचे, पहिल्याच ओळीत लिहिलंय. बारा-तेरा वर्षांची पोरगी एकटी ठेवतं का कुणी? कुणीतरी होतं घरात. लिहिलं नाही फक्त."

मला काय वाटलं म्हणून सांगू! इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते कुणीतरी भर वर्गात बोललं होतं, तुमच्याच पद्धतीनं तुमची चोरी पकडली होती. मला टाळ्या वाजवायच्या होत्या. पण मी काय म्हटलं? म्हटलं, "लेखकानं ते सांगितलेलं नाही. का सांगितलं नसेल, यावर गुरुवारी दहा ओळी लिहून आणा." मग तिनं विचारलं, "मॅडम, ही मुलगी खरी होती का? पुढं काय झालं तिचं?" मी डस्टर उचललं आणि फळा पुसता पुसता म्हटलं, "माहीत नाही."

मंगळवारी तास लवकर संपले तशी स्कूटर काढून नांद्याला गेले. बाप गेल्यापासून आई तिथेच आहे, जुन्या खोपटाच्या जागी आता पत्र्याची पक्की खोली आहे आणि मागे सोसायटीची भिंत. दोन शेळ्या आहेत. त्यांचा वास येतो म्हणून सोसायटीचा वॉचमन महिन्यातून एकदा सांगायला येतो आणि आईच्या हातचा चहा पिऊन जातो. मला बघून ती म्हणाली, "मधीच कशी आलीस गं? बरी हायेस न्हवं?" मी सांगितलं की सरांचा धडा आता आमच्या पुस्तकात आला आहे. तिचं तोंड उजळलं. "मंग वाच की. लई दिस झालं."

मी पुस्तिका उघडली. सवयीनं धुकं वाचलं, बस वाचली, आणि मग पानावर बोट ठेवून माझं सुरू केलं, 'तिची आई वर्गाच्या दारात आली...'

"आज हाय तसं वाच," आई म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हंजी काय? पयल्यांदा वाचलंस तवा माज्या हातात दुधाचा तांब्या हुता. तुजी आत्या आल्ती तवा भाकरीचं फडकं झालं. अन् नातीच्या बारशाला तर मास्तर सोताच उटून दारात आलं मला घ्यायला. छापल्यालं कागूद असं दर बारीला बदलतंय व्हय गं?"

मी विचारलं, इतकी वर्षं बोलली का नाहीस. ती शेळीच्या पुढ्यात पाला सारत म्हणाली, "ग्वाड वाटायचं ऐकाया. कशाला मोडू?"

सर, मी अक्षरओळख नसलेल्या माझ्या आईबद्दल बोलते आहे. मी एम.ए. झाले, पाठभेद आणि पाठचिकित्सा शिकले. ती तीन वाचनं शेजारी ठेवून ओळखत होती की लिहिणारी कोण आहे. मग मी तिला तुमचं खरं वाचून दाखवलं. डबा वाचला, पाय धरलेला बाप वाचला. त्यावर ती "अगं बया" म्हणाली आणि मोठ्यानं हसली. निघून गेलेले आईबाप वाचले. वाचून संपलं तरी ती पालाच सारत राहिली. तिला लागलं असेल म्हणून मी तुम्हाला शिव्या घालायला सुरुवात केली. म्हटलं, बघ, तुझं नावसुद्धा घेतलं नाही या माणसानं, तुझी भाकरी खाऊन.

"मी न्हाई ह्यात, ते बरंच केलं मास्तरानं," ती म्हणाली. "मला दारात आनली असती तर तू काय बोल्लीस ते बी लिवावं लागलं असतं."

तुमचा नियम होता ना, लिहिणारा जिथं जास्त चढ्या आवाजात बोलतो तिथं खणा. वर मी जिथं म्हटलं की तुम्ही तिला दारातूनच परत पाठवलंत, तिथं तुम्ही थांबला असतात आणि मला उभं केलं असतंत. तर झालं ते असं होतं. आई दारात उभी आहे. पोरं नाकाला रुमाल लावताहेत. मागून कुणीतरी बकरीचा आवाज काढतो. तुम्ही खडू खाली ठेवून माझ्याकडे वळता आणि विचारता, "कोण आल्यात?" कालच मला म्हणाला होतात की तुझी आई मी रोज बघतो. तरी तुम्ही विचारता. आणि मी उभी राहते आणि सांगते, "आमच्या शेजारच्या आहेत, सर." तुम्ही माझ्याकडे बघता, मग तिच्याकडे बघता. तुम्ही मला फोडून काढायला हवं होतं. त्याऐवजी तुम्ही तिला म्हणता, "बरं, बाई. हिच्या घरी सांगा, मुलगी हुशार आहे." आणि माझी आई म्हणते, "सांगते की तिच्या आईला." फडकं तिनं उंबऱ्यावर ठेवलं आणि गेली. घरी आले तेव्हा ती काही बोलली नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. मीही नाही. निबंधाला तुम्ही दहापैकी सहा दिलेत आणि त्याबद्दल पुन्हा कधी विचारलं नाहीत.

म्हणजे आईला काढून टाकायला मी तुमच्या आधी सुरुवात केली होती, एकदा वहीत आणि एकदा तोंडानं. आणि आईचं म्हणणं असं की तुम्ही मला झाकलंत. असेल. पण मी तुम्हाला इतक्या स्वस्तात सोडणार नाही. मला झाकायचं होतं तर दार गाळायचं होतंत, सहा महिन्यांच्या भाकऱ्या कशाला गाळल्यात? माझ्या बापाला पायांवर कशाला पाडलंत? उपाशी पोट कुठून आणलंत? त्या वाक्यांनी मी झाकली जात नाही, फक्त तुम्ही उंच होता. तुम्ही एका रेघेत माझ्यावर उपकार केलात आणि उरलेल्या अडीच पानांत तो वसूल करून घेतलात. माझी आई मोठ्या मनाची आहे, तिचं मन तिच्यापाशी. मी तशी नाही. आणि खरं काय होतं ते आता तुम्ही सांगणार नाही. याचाच मला सगळ्यात जास्त संताप येतो, कारण मला ते हवं आहे. तुम्ही मला वाचवलंत की वापरलंत, एवढं एक मला कळायला हवं होतं.

आज बुधवार. लिहून झाल्यावर तुमची पेन्सिल घेऊन मी हे पत्र पहिल्यापासून वाचलं. निळ्या रेघा तुमच्या धड्यापेक्षा थोड्या जास्त आहेत, लाल काही कमी नाहीत. ते दारातलं वाक्य खोडावं असं दोनदा वाटलं, पण वर जसं लिहिलं तसंच ठेवलं आहे. पाठवायचा प्रश्न नाही, पत्र पुस्तिकेतच घडी घालून ठेवते आहे, तुमच्या धड्याच्या पानात.

उद्या गुरुवार आहे. ती माणची मुलगी दहा ओळी लिहून आणेल आणि पुन्हा विचारेल की भाकरी कोण करत होतं. काल निघताना मी आईला तिच्याबद्दल सांगितलं. आईला फार मौज वाटली. स्कूटरपर्यंत सोडायला आली, सीटवरची धूळ पदरानं झटकली आणि म्हणाली, "येऊ का मग गुरुवारी तुज्या कालेजात? त्या पोरीला मीच सांगते. तुला अवघड हुत आसंल तर शेजारीन म्हनून येते." ती हसत होती. मी 'ये' म्हणाले नाही, सर. मी 'बघू' म्हणाले.